मंगळवारची खुर्ची

३ फेब्रुवारी, मंगळवार

"ताई, जरा सरकून घेता का?"

बसमध्ये मागून आवाज आला. मी सरकलो. सरकायला माझी कधीच हरकत नसते. मग मान वळवली आणि त्या गृहस्थांना माझ्या मिशा दिसल्या. चूक त्यांची, पण संतापले माझ्यावर. "कळायला नको का माणसाला, बाई आहे की बाप्या!" हे मला नाही, शेजारच्याला. शेजारच्याने दात काढले. त्याच्या स्वतःच्या डोक्यावर डाव्या कानापासून निघालेले चार केस टाळूवरून ओढत उजव्या कानापर्यंत नेऊन चिकटवलेले होते. खिडकीतून वारा आला की ते झाकण उघडायचं आणि तो हाताने बंद करायचा. असा माणूस मला हसतो.

मला उत्तर सुचतं, पण घरी आल्यावर, चपला काढताना. तोवर समोरचा आपल्या घरी जाऊन जेवायला बसलेला असतो. म्हणून ही वही. जगात मूर्ख किती आहेत ते कुणीतरी लिहून ठेवायला हवं, आणि दुसरं कुणी ते करताना दिसत नाही.

आता केसांचं सांगतो. मी ते हौसेने वाढवलेले नाहीत. कलाकार नाही, गात नाही, गिटार वाजवत नाही. मी लिफ्ट दुरुस्त करतो. आमचं घर वर आणि खाली बाबांचं केस कापायचं दुकान. आमच्या धंद्यातल्या घरात एक रीत आहे. घरच्या माणसाने दुसऱ्याच्या खुर्चीत बसायचं नाही. आणि घरच्या कारागिराला 'माझे कापा' असंही म्हणायचं नाही, त्याने बोलवायचं. मंगळवारी दुकान बंद असतं. बाबा शटर अर्धं वर घेत आणि पांढरं कापड दोनदा झटकत. फट्, फट्. तो आवाज वर आला की मी जिना उतरून खुर्चीत जाऊन बसायचो. कळायला लागल्यापासून हेच.

दोन वर्षांपूर्वी बाबा एकदम म्हणाले, "दुकान आता तू बघ." मी म्हटलं, मी लिफ्टचं काम शिकलोय, लोकांची डोकी धरून जन्म काढणार नाही. त्यानंतर मंगळवारी कापड झटकलं गेलं नाही.

ठीक आहे. ते बोलावणार नाहीत, मी विचारणार नाही. वाढू देत. आता खांद्याच्या खाली गेलेत.

५ फेब्रुवारी

आज एका मोठ्या इमारतीत लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्ये अडकली. आत एक साहेब. बटण दाबून लिफ्ट येत नाही म्हटल्यावर माणूस काय करतो? तेच बटण आणखी जोरात दाबतो. मग आणखी. दमदाटी केली की लिफ्ट घाबरेल, अशी लोकांची समजूत असते. या साहेबांनी आत सगळीच बटणं दाबून ठेवली होती.

कामावरचा माझा जोडीदार मशीनरूममध्ये गेला. मी वरच्या मजल्याचं दार किल्लीने उघडलं, पालथा पडलो आणि आत डोकावून सांगायला गेलो की दारापासून लांब उभे राहा, आम्ही आलोय. टोपी पडली आणि सगळे केस खाली लोंबले. साहेब किंचाळले. म्हणजे अगदी किंचाळले. मग सावरून म्हणाले, "कंपनीकडे कुणी माणूस नाही का पाठवायला?"

जोडीदाराने हाताने चाक फिरवून लिफ्ट मजल्याला लावली. मी दार उघडून हात पुढे केला. साहेबांनी आधी हाताकडे बघितलं, मग केसांकडे, आणि हात न धरता स्वतःच बाहेर पडले. पडले म्हणजे खरोखरच पडले, उंबऱ्याला बूट अडकून. असा सुखाचा क्षण रोज येत नाही.

जाताना वॉचमनला सांगत होते, "झिपऱ्या वाढवून फिरतात, यांच्या हातात आपला जीव." तोच जीव नुकता बाहेर काढला होता. आभार मानायचे असतात हे त्यांच्या बटणांमध्ये नव्हतं.

८ फेब्रुवारी, रविवार

रविवारी दुकानात गर्दी. मी वरून पेपर आणायला खाली गेलो. बाकावर चार-पाच गिऱ्हाईकं. त्यातल्या एका ढेरपोट्याने मला बघून मोठ्याने म्हटलं, "काय जमाना आलाय! बाप लोकांचे कापतो आणि पोरगं झिपऱ्या सोडून हिंडतं." बाकावर खसखस पिकली.

बाबा गल्ल्याजवळ बसले होते. म्हणाले, "केस त्याचे आहेत. तुमचा नंबर आला की तुमच्या डोक्याचं बोलू."

मला वाटलं, आता तरी उठतील. निदान कापडाला हात लावतील. पण उजवा हात खिशातून काढला नाही. हल्ली हे असंच चाललंय. आमचा कारागीर सकाळपासून उभा राहून सगळी डोकी उरकतो आणि बाबा खिशात हात घालून शेठसारखे बसतात. गिऱ्हाईकाशी गप्पा, हवापाण्याच्या चौकशा. दुकान माझ्या गळ्यात मारायचं होतं ते याच आरामासाठी, हे आता उघडच आहे.

आणखी एक. म्हातारपणी बाबांना फॅशन सुचली आहे. जन्मभर कडक इस्त्रीचा, बटणांचा शर्ट घालणारा माणूस आता डोक्यातून घालायचे टी-शर्ट घालतो. आणि दाढी! रोज पहाटे स्वतःची दाढी करून मग दुसऱ्याच्या गालाला हात लावायचा, हा यांचा नियम होता. आता छातीपर्यंत दाढी ठेवली आहे. लोक म्हणतात, वा, शोभते. बापाची दाढी शोभते आणि मुलाचे केस दिसले की यांना मळमळतं. दाढी हनुवटीवर आणि केस टाळूवर, एवढाच काय तो फरक. पण त्यासाठी डोकं चालवावं लागेल.

१० फेब्रुवारी, मंगळवार

आज सुट्टी घेतली होती, पाठ धरली होती म्हणून. दुपारी खाली शटर अर्धं वर गेल्याचा आवाज आला. नंतर बराच वेळ काही नाही. आणि मग, फट्!

मी जिन्यापर्यंत गेलो. खरं सांगायचं तर धावत गेलो. कठड्याला धरून दुसऱ्या आवाजाची वाट बघत उभा राहिलो. दुसरा आला नाही. कापड दोनदा झटकतात, एकदा नाही. मी परत येऊन पडलो. आई म्हणाली, "जा की खाली." मी म्हटलं, "बोलावलंय का?" तिने माझ्याकडे असं बघितलं, जणू मीच काहीतरी सांडून ठेवलं होतं.

संध्याकाळी कचरा टाकायला गेलो तेव्हा दुकानाच्या डब्यात लाल रबराचे तुकडे दिसले. फुग्याचे. त्यांना साबणाचा फेस लागलेला होता.

मी कारागिराच्या घरचा आहे, मला हे सांगावं लागत नाही. शिकाऊ माणसाला आधी फुग्यावर दाढी करायला लावतात. फुग्याला फेस लावायचा आणि फुगा न फोडता वस्तऱ्याने तो उतरवायचा. सगळ्या कारागिरांना बाबांनी असंच शिकवलं. मलाही एकदा दिला होता. मी फोडला आणि हसलो होतो.

म्हणजे बाबांनी नवा शिकाऊ धरलाय. मंगळवारी, दुकान बंद असताना, गुपचूप. माझ्या जागेवर. छान. फुगे तर त्यालाही फोडायला येतायत, एवढाच काय तो दिलासा.

१३ फेब्रुवारी

एका कचेरीत लिफ्टच्या परवान्याचं काम होतं. खिडकीसमोर दोन रांगा, बायकांची आणि पुरुषांची. मी पाठमोरा होतो. रखवालदाराने खांदा धरून मला बायकांच्या रांगेत नेऊन उभं केलं. मग पुढे येऊन तोंड बघितलं. दोन्ही रांगा हसल्या. बायकांपैकी एक म्हणाली, "राहू दे रे, वेणी घालून देते." रखवालदाराला सोडून सगळ्यांना मजा आली. त्याला वाटलं मी त्याला फसवलं. "सरळ माणसासारखं राहायला काय होतं?" असं दरडावलं मला.

सरळ माणसासारखं! त्याच्या शर्टाचं तिसरं बटण दुसऱ्या काजात होतं, पोट एका बाजूने बाहेर डोकावत होतं. ही माणसं सकाळी आरशात काय बघतात? की आरसाही यांच्याकडे पाठ फिरवून उभा असतो?

मी मात्र आज काहीतरी बोललो. म्हटलं, "तुम्ही हातात काठी धरलीत म्हणून पुरुष दिसता, नाहीतर मलाही शंका होती." घरी यायच्या आत सुचलेलं हे पहिलंच उत्तर. तो मारायला धावला. काम राहिलं. पुन्हा जावं लागेल.

१६ फेब्रुवारी

आज थोडं काहीतरी झालं. फार नाही.

मशीनरूममध्ये उकाडा होता म्हणून टोपी काढली होती. दोर तपासायला लिफ्ट हळू चालवत होतो. केसांना बांधलेलं रबर कधी तुटलं कळलं नाही. वाकलो आणि मान एकदम चाकाकडे ओढली गेली. जोडीदाराने लाल बटण दाबलं. चाक थांबलं. कानामागचे थोडे केस दोराखाली राहिले, ते कात्रीने कापून काढले. बाकी काही नाही. मान दुखते आहे.

जोडीदार मात्र जमिनीवर बसला तो उठेना. इतका भित्रा माणूस मी पाहिला नाही. पाण्याची बाटली तोंडाला लावली तर पाणी शर्टावर. मी म्हटलं, "हात बघ तुझे, म्हाताऱ्यासारखे थरथरतायत." तो म्हणाला, "तू गप बस, अगदी गप बस," आणि रडायला लागला. नंतर जाऊन त्याने सुपरवायझरला सांगितलं. मैत्री म्हणतात ती ही.

सुपरवायझरला आम्ही ठोकळा म्हणतो. मान नाही, कंबर नाही, आणि विचारांनाही कोपरे आहेत. ठोकळा म्हणाला, "महिनाअखेरपर्यंत केस कापून ये. नाहीतर मशीनचं काम बंद. गोदामात बसून नटबोल्ट मोजायचे."

"टोपी घालतो ना मी."

"टोपी कुठे होती आज?"

यावरचं उत्तर चपला काढतानाही सुचलं नाही.

लिफ्टचं काम मला आवडतं. अडकलेलं काहीतरी आपल्या हाताने सुटतं, तेव्हा बरं वाटतं. गोदामात मी मरेन. केस कापायला माझी ना नाही. पण कापणार कोण?

१७ फेब्रुवारी, मंगळवार

शटरचा आवाज आला. कान देऊन बसलो. फट्. एकदाच. थोड्या वेळाने पुन्हा एक. हा शिकाऊ पक्का गाढव दिसतो. बाबांनी इतका वेळ माझ्यावर घालवला असता तर... जाऊ दे.

आईला गोदामाचं आणि मान ओढली गेल्याचं सांगितलं. ती भाजी निवडत होती. तिने थांबून म्हटलं, "मान दाखव." दाखवली. तिने मानेवर हात ठेवला. मग म्हणाली, "तू एकदा खाली जाऊन त्यांच्यासमोर उभा राहा. काही बोलू नकोस. नुसता उभा राहा आणि बघ."

"काय बघू?"

"डोळे आहेत ना?"

आईसुद्धा आता कोड्यात बोलायला लागली. म्हटलं, तूच सांग ना त्यांना बोलवायला. तर म्हणाली, "मला शपथ घातलीय." कसली शपथ? घरच्या मुलाचे केस न कापायची? इतका हट्टी माणूस मी जगात दुसरा पाहिला नाही, आणि मला रोज हट्टी माणसं भेटतात.

२२ फेब्रुवारी, रविवार

आज जे केलं ते लिहितो.

बस बदलून शहराच्या पार दुसऱ्या टोकाला गेलो, जिथे मला कुणी ओळखत नाही. एक जुनं दुकान दिसलं, आत एकच म्हातारा कारागीर. मी खुर्चीत बसलो. परक्या खुर्चीत. पाय ठेवायची पट्टी नको त्या उंचीवर होती.

म्हाताऱ्याने कापड बांधलं, केस वर उचलले आणि थांबला. मानेवर माझ्या दोन भोवरे आहेत, एकमेकांच्या उलटे. त्यावर त्याने बोट ठेवलं आणि बाबांचं दुकान कुठे आहे ते बरोबर सांगितलं.

"त्यांचाच ना तू? आम्ही एका दुकानात शिकलो. तुझं पहिलं डोकं त्यांनी माझ्यासमोर केलंय. हे भोवरे तेव्हाचे."

मी म्हटलं, "तुम्ही कापा."

तो कात्री उचलेना. आरशातून माझ्याकडे बघत राहिला. "म्हणजे खरंच हात गेला म्हणायचा. कानावर आलं होतं. मी म्हटलं, लोक काहीही बोलतात. पण तू इथे येऊन बसलास म्हणजे..."

"हात कुठे जातोय? खिशात असतो," मी म्हटलं.

त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. मला संताप आला. ना ओळख ना पाळख, आणि हा माझ्या बाबांच्या नावाने डोळे पुसतो! बाबांचा हात कसा आहे हे मला सांगणारा हा कोण? त्यांच्यासारखी कात्री चालवणारा या शहरात एक असेल तर दाखव म्हणावं. मी उठलो आणि तरातरा बाहेर पडलो. कापड गळ्यात तसंच. रस्त्यावरची सगळी माणसं हसली तेव्हा लक्षात आलं. परत जाऊन ते द्यावं लागलं. म्हाताऱ्याने गाठ सोडली.

केस आहेत तसेच आहेत. बसमध्ये एक कॉलेजचं टोळकं मागे बसून शिट्ट्या मारत होतं. मी वळून बघितलंसुद्धा नाही. त्यांच्याबद्दल लिहायलाही आज मन लागत नाही.

२३ फेब्रुवारी

त्या म्हाताऱ्याने फोन केला. बाबांना नाही, ओळखीच्या कुणाला तरी, आणि त्याने आणखी कुणाला. दुपारपर्यंत दोन जुनी गिऱ्हाईकं येऊन बाबांना विचारून गेली, तब्येत कशी आहे? आई इतकी चिडली होती की भांडी घासताना आपटत होती. "दोन वर्षं झाकून ठेवलं त्यांनी. आणि तू जाऊन बाजारभर केलंस!"

"मी काय केलं? मी केससुद्धा कापले नाहीत!"

बाबा वर आले. मला वाटलं, ओरडतील. खुर्चीत बसत एवढंच म्हणाले, "चांगला कारागीर आहे तो. कापून घ्यायचे होतेस."

आईने त्यांना चहा दिला. अर्धाच कप. नेहमी अर्धाच देते, मला वाटायचं साखर सांभाळतात. आज त्यांनी कप उजव्या हाताने उचलला, बहुधा विसरून. कप बशीवर वाजायला लागला. आईने झटकन तो त्यांच्या हातातून काढून घेतला आणि दुसऱ्या हातात दिला. पेपर टेबलावर पसरलेला होता. बाबा हल्ली तो कधीच हातात धरून वाचत नाहीत.

कप वाजत होता. मी आत्ता इथे बसलोय तरी तो आवाज येतोय.

२४ फेब्रुवारी, मंगळवार

आज कामावर गेलो नाही.

दुपारी शटर वर गेलं. मी वाट बघितली. फट्. एकच. मी खाली गेलो. काय दिसणार हे मला कालपासून माहीत होतं, तरी जिना उतरताना मी स्वतःला सांगत होतो की शिकाऊ असेल, असेलच.

शटरखालून वाकून आत गेलो. खुर्चीच्या पाठीला एक पिवळा फुगा बांधलेला होता, फेस लावलेला. खाली आधीच्या फुग्याचे तुकडे. बाबा माझ्याकडे पाठ करून उभे होते. उजव्या हातात वस्तरा, आणि ते उजवं मनगट डाव्या हाताने घट्ट पकडलेलं. तरी वस्तरा हलत होता. फुग्याजवळ नेत, मागे घेत. जवळ नेत, मागे घेत. मग त्यांना मी आरशात दिसलो.

मी काय बोललो? मी म्हटलं, "शिकाऊ कुठाय?"

बाबांनी हात वर करून दाखवला. "हा काय. शिकतच नाही गाढव."

आणि हसले. मला हसता आलं नाही.

"कधीपासून?"

"तुला दुकान बघ म्हणालो ना, त्याच्या आधीपासून. आधी एकच बोट हलायचं. गोळ्या आहेत. घेतल्या की थोडा वेळ ऐकतो."

"मला का नाही सांगितलंत?"

"सांगितलं असतं तर कीव येऊन दुकानात बसला असतास. मला कारागीर हवा होता." वस्तरा मिटायला त्यांना वेळ लागला. मी मदतीला पुढे झालो तर नजरेनेच थांबवलं. "आणि तुझ्या मानेजवळ मी काय घेऊन येणार होतो? कापड झटकलं की तू येऊन बसणार. म्हणून झटकलं नाही."

 दोन वर्षं मी जगाला आंधळा म्हणत होतो, हल्ली तर या वहीतसुद्धा. बसमधल्या त्या माणसाने निदान मला मागून बघितलं होतं. मी रोज बाबांच्या समोर बसून जेवत होतो.

मी खुंटीवरचं कापड काढलं आणि झटकलं. दोनदा. बाबांसारखा आवाज येईना, ओल्या टॉवेलसारखं काहीतरी झालं. मी फुगा सोडून बाजूला ठेवला आणि खुर्चीत बसलो.

"ऊठ," बाबा म्हणाले. "उद्या कारागीर येईल, तो कापेल."

"मी दुसऱ्याच्या हाताखाली बसत नाही."

"परवा बसलास की."

"कापले का?"

बाबा म्हणाले, "वाकडे होतील."

"आत्ता ताई म्हणतात. वाकड्याला काय म्हणतात ते बघू."

"कान कापला तर?"

"दोन आहेत."

मग बाबा कात्री शोधायला गेले. स्वतःची, जुनी. ती खणात मागे, कापडात गुंडाळून ठेवलेली होती. मी केसांचा झुपका मुठीत घट्ट धरला आणि त्यांनी तो मुळाशी कापला. एका दमात नाही, करवतीसारखा, पण कापला. नंतरचं काम लांबलं. मनगट माझ्या खांद्यावर टेकवून, श्वास रोखून, ते एकेक बट कापत होते. त्यांचा हात माझ्या खांद्यावर थरथरत होता. चालत्या लिफ्टच्या टपावर उभं राहिलं की पायाला जाणवतं, तसं. मध्ये आई येऊन दारात उभी राहिली आणि पदर तोंडाला लावून परत गेली. एकदा कानाला लागलं. बाबांनी तुरटी लावली आणि मला "हलू नकोस" म्हणून रागावले. हलत कोण होतं!

मला रडू आलं. आरशासमोर ते लपवता येत नाही. बाबा म्हणाले, "केस गेले असतील डोळ्यांत."

शेवटी त्यांनी मागे छोटा आरसा धरला, नियमाप्रमाणे. तो इतका हलत होता की मला माझी मान कुठेच दिसेना. मी म्हटलं, "झकास."

"डावी बाजू वर गेलीय," बाबा म्हणाले. त्यांना सगळं दिसत होतं. "पुढच्या मंगळवारी उजवी तिच्या बरोबर आणू."

२५ फेब्रुवारी

ठोकळ्याने मला बघितलं आणि पहिल्यांदाच त्याच्या चेहऱ्याला एक वळण पडलं. "कापले ते बरं केलंस. पण हे काय? लाइट गेले होते का?"

"नाही."

"कुणी कापले?"

"बाबांनी."

"ते तर चांगले कारागीर आहेत ना?"

"आहेत. पत्ता देऊ?"

जोडीदार हसून हसून खाली बसला, आणि मग उठून त्याने माझ्या डोक्यावरून हात फिरवला, जणू मी शाळकरी पोर आहे. भित्रा माणूस. दुपारी त्याला चहा पाजला.

कचेरीतलं काम उरकायला गेलो. रखवालदाराने ओळखलं नाही. पुरुषांच्या रांगेत सन्मानाने उभं केलं आणि मग डोकं नीट दिसल्यावर तोंड दाबून फिस्कारला. माझ्या मागच्या दोघांत चर्चा झाली. एक म्हणाला, उंदराने कुरतडलंय. दुसरा म्हणाला, रोग असेल, लांब राहा. म्हणजे केस लांब होते म्हणून हसत होते, आता आखूड आहेत म्हणून हसतात. या लोकांना केसांशी काहीच देणंघेणं नाही. त्यांना दुपार घालवायची असते.

२८ फेब्रुवारी, शनिवार

महिना संपला, मी मशीनवरच आहे. सकाळी एका बाईंना अडकलेल्या लिफ्टमधून काढलं. त्या आभार मानता मानता माझ्या डोक्याकडे बघून थबकल्या आणि विचारलं, "बाळा, घरी सगळं ठीक आहे ना?" मी म्हटलं, हो. आणि बोलल्यावर लक्षात आलं की ते खरं आहे.

बाबांनी रविवारपासून गल्ल्यावर बसताना हात खिशातून बाहेर ठेवायचा ठरवलंय. आईला सांगत होते, बाजारभर झालंच आहे, तर हाताला तरी हवा लागू दे. कारागिराला घरी बोलावून दुकान त्याला निम्म्या वाट्याने चालवायला द्यायचं बोलणं झालं. मी जवळ बसलो होतो. मला कुणी विचारलं नाही आणि मला त्याचं वाईट वाटलं नाही. थोडं वाटलं.

संध्याकाळी बसमध्ये तोच. टाळूवरून केसांचं झाकण ओढलेला. त्याने मला ओळखलं नाही, ओळखणार कसा, तेव्हा मी ताई होतो. माझ्या डोक्याकडे बराच वेळ बघून त्याने शेजारच्याला कोपर मारलं आणि बसभर ऐकू जाईल असं विचारलं, "काय राव, कुणी भादरलं?"

या वेळी उत्तर बसमध्येच होतं, चपला पायातच होत्या.

"माझ्या बाबांनी," मी म्हटलं. "तुम्हीपण या एकदा. मंगळवार सोडून कधीही. मंगळवारी खुर्ची रिकामी नसते."